पहिल्या दिवसाचा फोटो

"फोटो गेला!" नझीहा सलामी दारातूनच म्हणाली. "उद्या समारंभ आणि आज भिंत रिकामी."

स्फाक्स शहराच्या महिला व कुटुंब कार्यालयाची ती प्रमुख. नुकतीच बदलून आलेली. कार्यालयाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरत होतं. सभागृहाला पहिल्या प्रमुख म्हणून दिवंगत सईदा फुरातींचं नाव दिलं जाणार होतं. आणि नेमका कार्यालयाच्या पहिल्या दिवसाचा फोटो रातोरात नाहीसा झाला होता.

खासगी गुप्तहेर वसीला त्रिकीने नवऱ्याला हाक मारली. मुंदिर निवृत्त दंतवैद्य होता.

"चला. आज दात नाही, चोर उपटायचाय."

कार्यालयात उंचावर एक खिळा होता. त्याखाली फोटोच्या जागी रंग न उडालेला लांबट, आडवा पट्टा उमटला होता. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत तोच फोटो जवळजवळ चौरस छापला होता. दारात चार बायका, चौघींचे हात समोर बांधलेले. कडेला उभ्या सईदाच्या खांद्यावर आणखी एक हात.

"छान दिसतात चौघी," मुंदिर म्हणाला.

"हं," वसीला म्हणाली.

नझीहाचा संशय खदूजा मस्मूदीवर होता. खदूजा तिथली पहिली टायपिस्ट. पुस्तिकेवरून कालच ती भांडून गेली होती.

"मी चोरला?" खदूजाने काठी आपटली. "अगं, मला जिना चढवायला दोन माणसं लागतात! मी शिडीवर चढणार?"

"भांडण कशावरून, लल्ला खदूजा?" वसीलाने बाईसाहेब म्हणावं तशा आदराने विचारलं.

"पुस्तिकेत खोटं छापलंय म्हणून. तो प्रदर्शनवाला फौझी म्हणाला, तुम्हाला भ्रम झालाय. आधी फोटो शोध, मग बोलते. पुन्हा वेडी ठरायचं नाही मला."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने एवढी मोठी चौकट बाहेर जाताना पाहिली नव्हती. आत मात्र सईदाचं भलंमोठं तैलचित्र आलं होतं. सभागृहात मुंदिर ते सरळ करायला गेला.

"हे भिंतीला टेकतच नाही गं."

"राहू दे."

प्रदर्शन मांडणारा फौझी फुराती सईदाचा भाचा. त्याने सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

"पुस्तिकेतला फोटो कुठून घेतला?" वसीलाने विचारलं.

"जुन्या वर्तमानपत्रातून. मूळ फोटो इतका उंच होता, मी कधी नीट पाहिलाही नाही."

"कोणी नेला असेल?"

"काय माहीत! पाच बायकांचा जुना फोटो नेऊन कोणाला काय मिळणार?"

वसीलाने कॉफी संपवली आणि खदूजासकट सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"भिंतीवरचा पट्टा लांबट आहे, छापलेला फोटो चौरस. म्हणजे छापताना एक बाजू कापली गेली. चौघींचे हात समोर बांधलेले. मग सईदाबाईंच्या खांद्यावरचा हात कोणाचा? पाचवीचा."

"आणि मी म्हटलं छान दिसतात!" मुंदिर पुटपुटला.

"फौझीसाहेब, मूळ फोटो तुम्ही नीट पाहिला नव्हता. छापलेल्यात चौघीच आहेत. तरी तुम्ही म्हणालात, पाच बायका."

फौझीने कप खाली ठेवला.

"चौकट फाटकाबाहेर गेली नाही. इथे ती मावेल अशी एकच जागा आहे. मुंदिर, चित्र उतरव."

तैलचित्रामागे फोटो बांधलेला होता. पाचवी बाई सईदाच्या खांद्यावर हात टाकून हसत होती.

"महबूबा शाकर," खदूजा काठीने दाखवत म्हणाली. "पहिली प्रमुख ही. एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोला तिने मुलांचा ताबा मागायला मदत केली. अर्ज मागे घ्यायला लाव, असा वरून हुकूम आला. हिने ऐकलं नाही, म्हणून हिला काढलं. सईदा तिच्यानंतर प्रमुख झाली. तीही भली होती रे फौझी, तिला खोट्याची गरज नव्हती!"

"आत्याने लहानाचा मोठा केला मला," फौझी मान खाली घालून म्हणाला. "तिचं नाव कुठेतरी राहावं एवढंच वाटलं."

"तुमचं काम आता दुसरं कोणीतरी करेल," नझीहा म्हणाली. "लल्ला खदूजा, महबूबाबाई आहेत?"

"आहे. कर्केना बेटावर, भावाच्या घरी. मला तिच्यासमोर जायला तोंड नव्हतं. तेव्हा आम्ही चौघीही गप्प बसलो होतो."

समारंभ पुढे ढकलला गेला. सकाळच्या बोटीने सगळे कर्केनाला गेले. महबूबा अंगणात मासे साफ करत बसली होती. नझीहाने माफी मागितली, सभागृहाला तिचं नाव द्यायचं म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात धुतले आणि खदूजाकडे वळली.

"त्या बाईला मुलं मिळाली का गं?"

"मिळाली," खदूजा म्हणाली. "दोन्ही."

महबूबा तिथेच पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.