आधी मान बघायची

शरीररचनेच्या खोलीत माझ्या स्टुलावर एक चित्रकार बसला होता. समोर काचेच्या भांड्यात मानेचा जुना नमुना, मांडीवर कागद... आणि कागदावर भलतंच काहीतरी.

“ही शीर चुकली,” मी म्हणाले. “ती खाली जाऊन मिळते. तुम्ही वरच जोडलीत.”

“मी कशाला जोडू?” त्याने भांडं माझ्याकडे वळवलं. “डॉक्टर, तुम्ही पुस्तक आठवताय. मी मान बघतोय.”

शीर खरंच वर जोडलेली होती. मी निमूट दुसरं स्टूल ओढलं. शिरा आणि नसा माणसागणिक वाट बदलतात, हे मला पाठ होतं. बघायला मात्र त्याच्याकडून शिकले. पुढे तो रोज यायचा, आणि मीही काहीतरी कारण काढून जायचेच.

“तुझी मान आतून कशी असेल गं?” एकदा त्याने विचारलं.

“ताठ.”

“ते बाहेरूनही दिसतं...”

मग त्याच्या आईच्या मानेत गाठ निघाली. काकू अखंड बोलणाऱ्या; त्यांच्यापुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे.

“ऑपरेशन तूच कर,” तो म्हणाला.

“मी नको. त्या गाठीमागूनच आवाजाची नस जाते. तिला धक्का लागून आवाज गेला, तर कुठल्या तोंडाने तुझ्यापुढे उभी राहू?”

“माझ्यापुढे कशीही राहा,” तो हळूच म्हणाला. “पण तिथे तूच हवीस.”

ऑपरेशनच्या टेबलावर नेहमीच्या जागी नस सापडेना. गाठीकडे जाणारी एक बारीक शीर तेवढी आडवी येत होती. ती बांधली की वाट मोकळी. मदतीला उभ्या माझ्या वरिष्ठ सर्जन बाईंनी दोरा पुढे केला, मी हातातही घेतला. पण रक्ताची शीर इतकी पांढुरकी? मी थांबले. कापसाने टिपत टिपत तिच्या मागे गेले... ती गाठीत शिरलीच नाही, थेट स्वरयंत्राकडे वळली. ती शीर नव्हतीच; एरवी खालून वळसा घेऊन येणारी आवाजाची नस काकूंच्या मानेत आडवीच आली होती. माझे हात स्थिर होते. नसेला जपत गाठ काढली.

काकूंनी डोळे उघडले तेव्हा तो पायाशी उभा होता, पांढराफटक. नस दुखावली नसेल ना, या धास्तीने माझाही जीव टांगणीला.

“काहीतरी बोला ना, आई,” मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे.

“आई म्हणतेस...” आवाज जरा बसका, पण स्वच्छ. “यानं विचारलंय का तुला? की तेही मीच करू?”

मला रडूच फुटलं, आणि रडता रडता मी ‘हो’ म्हणाले. विचारलं त्याने नंतर, बाहेरच्या बाकावर.