आडव्या फिल्टरचा प्रयोग

काउंटरवरच्या त्या खोक्याला दोन हात एकाच क्षणी लागले. एक माझा होता. दुसऱ्याच्या मनगटावर ताजे ओरखडे होते आणि ते मांजराचे असावेत, असा माझा अंदाज होता.

"माफ करा," मनगटाचा मालक म्हणाला, "पण हे मी आधी उचललं."

"उचललं नाहीत, नुसता हात लावलात. उचललं म्हणायला वस्तू पृष्ठभागापासून सुटावी लागते."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग खोक्याकडे. मग कागदाच्या जाडीइतके ते वर उचलून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "आता?"

मला हसू आले. आले ते आले, आणि त्याने ते पाहिलेही.

"भांडू नका रे," दुकानाच्या मालकीण काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्या इंजिनाचा असली ऑइल फिल्टर एवढा एकच उरलाय. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलं."

दारात दोन गाड्या उभ्या होत्या. जात एकच, वयही जवळपास एकच. निळी माझी; मलईच्या रंगाची, मागच्या सीटवर गवताच्या काड्या पडलेली, ती त्याची. तो जनावरांचा डॉक्टर निघाला. मी मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या पर्समध्ये कंगवा नसला तरी व्हर्नियर असतो.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला.

"उपकार नकोत. याच्या तोडीस तोड दुसरा शोधू. तोवर हा नमुना म्हणून काकूंकडेच राहू दे."

"आणि तोडीस तोड आहे की नाही, हे ठरवणार कोण?"

"माप ठरवेल."

"बापरे," तो म्हणाला. पण गेला नाही.

काकूंनी फळीवरून फिल्टर काढून द्यायचे, मी मोजायचे आणि त्याने धूळ पुसायची, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. आटे जुळायला हवेत, तोंडावरच्या रबरी रिंगचा व्यास जुळायला हवा. इथवर व्हर्नियर पुरतो. तिसरी गोष्ट मात्र त्याला दिसत नाही. आमच्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. गाडी बंद केली की त्यातले तेल ओघळून जाऊ पाहते, आणि त्याला थोपवायला आत रबराची एक पातळ झडप असते. झडपेने दगा दिला, तर सकाळी इंजिन काही क्षण तेलाविना फिरते आणि खडखडते. अशा खडखडाटाने इंजिन एका दिवसात मरत नाही, झिजून मरते.

मापात बसणारे दोन सापडले. झडप दोघांनाही होती. ती कामाची आहे की नाही, हे गाडीच सांगणार होती.

"माझ्या गाडीवर बघा," तो म्हणाला. "आजाऱ्यांच्या सहवासात राहून तिची सहनशक्ती वाढलीय."

पहिला फिल्टर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दवाखान्यासमोर हजर झाले. एक लठ्ठ कुत्रा पायरीवर आपल्या पाळीची वाट पाहत होता. डॉक्टरांनी बॉनेट उघडले, इंजिनाला चक्क स्टेथोस्कोप लावला आणि मला चावी फिरवायला सांगितले.

"दम लागतोय हिला."

"हे निदान झालं. मोजमाप नव्हे."

"मग या, स्वतः ऐका."

एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. शास्त्रीयदृष्ट्या ही पद्धत निकृष्ट आहे. नळी आखूड पडते, डोकी एकमेकांना लागतात आणि त्याच्या शर्टाला येणाऱ्या साबणाच्या वासाची नोंद विनाकारण घेतली जाते... मी आक्षेप घेतला नाही.

खडखड स्पष्ट होती. फळीवर वर्षानुवर्षे पडून त्या फिल्टरची झडप कडक झाली असावी. आम्ही दुसरा बसवला. त्यानंतरच्या सकाळी इंजिन असे सुरू झाले, की पायरीवरच्या कुत्र्याने कानही हलवला नाही.

"झालं की मग!" तो म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही," मी म्हणाले.

"मुळीच नाही," तो इतक्या तत्परतेने म्हणाला, की मी चमकून पाहिले. तो घाईघाईने हात पुसत होता. हात स्वच्छ होते.

मग आम्ही गारठ्यात ऐकले. चढावर गाडी उभी करून ऐकले. तीन दिवस तिला न हलवता ऐकले. प्रत्येक वेळी तेच उत्तर देणारा शांत आवाज, आणि प्रत्येक वेळी मला नवी शंका. काकूंनी एकदा सुनावलेच, "अगं, लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नाहीत!"

खरे सांगायचे तर निकाल केव्हाच लागला होता. तो जाहीर झाला, की त्या दवाखान्यासमोर सकाळी उभे राहायला मला कारण उरणार नव्हते. कारणाशिवाय कुणाच्या दारात जाणे मला कधी जमलेले नाही.

अखेर काकूंनी त्या दुसऱ्या फिल्टरसारखाच एक माझ्यासाठी मागवला आणि माझ्या हातात कोंबला. "हा तुझ्या गाडीला. आता पुरे झाली परीक्षा."

रविवारी तो मदतीला आमच्याकडे आला. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि न विचारताच चहा पाठवला. जुने तेल परातीत उतरत होते. काळे, दाट, उन्हात चकाकणारे. मी फिल्टर सोडवला. तो शेजारी उकिडवा बसून फडकी पुढे करत होता. त्याच्या कानशिलावर तेलाचा एक डाग होता आणि तो पुसावा की पुसू नये...

"म्हणजे आता संपलं," तो हळूच म्हणाला. "पुढच्या आठवड्यापासून माझ्या सकाळी मोकळ्या."

"हो... मोकळ्या."

माझ्या हातांनी नवा फिल्टर बसवला. मी 'हातांनी' म्हणते, कारण उरलेली मी तिथे नव्हते. नवे तेल भरले. त्याने चावी फिरवली.

पुढच्याच क्षणी गाडीखालून तेलाची चिळकांडी उडाली.

"बंद करा! बंद करा!"

इंजिन थांबले. तोवर अंगणात तेलाचे तळे झाले होते. मी फिल्टर काढला आणि जे पाहिले, ते पाहून मान वर करणे अवघड झाले. जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवी बसली, आणि त्या दोघींच्या फटीतून तेलाने वाट काढली. ही चूक टाळायला हवी, हे मीच त्याला सकाळी बजावले होते.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही जुनी रिंग विसरलात?"

"हसू नका."

"नाही हसत." त्याचे खांदे मात्र हलत होते. "पण झालं कसं हे?"

उन्हावर ढकलता आले असते. दमले, म्हणता आले असते.

"माझं लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

"तुम्ही 'मोकळ्या सकाळी' म्हणालात ना... तिथेच अडकलं." म्हटले, आता सांडलेच आहे, तर सगळेच सांडू दे. "दुसरा फिल्टर बसवल्यावर तुमची गाडी पहिल्याच सकाळी बरी झाली होती. मला ते कळलं होतं. मी येत राहिले ते तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता. यात शंका नाही — आणि मी हे वाक्य सहसा वापरत नाही."

त्याचे हसू थांबले. मग तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. तेलात, स्वच्छ विजारीसकट.

"तीन दिवस गाडी हलवायची नाही, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी गुरं तपासायला सायकलवरून गेलो," तो म्हणाला. "गावोगाव. भर दुपारी. केवळ चौथ्या दिवशी तुम्ही याल म्हणून. आता सांग, तुझ्यापेक्षा माझी शंका मोठी होती की नाही?"

"वेडा आहेस."

"निदान? की मोजमाप?"

मी उत्तर देण्याआधीच खिडकीतून आईचा आवाज आला, "अहो डॉक्टर, ते तेल घरात यायच्या आत त्यावर भुसा टाका. आणि मग हात धुऊन आत या. पान वाढलंय."

आम्ही लाकडाचा भुसा आणला, ओंजळी भरभरून पसरला. भुसा तेल पीत सावकाश काळा होत गेला. एका ओंजळीत त्याची बोटे माझ्या बोटांत आली आणि तिथेच राहिली — काळीकुट्ट, निसरडी, तरीही घट्ट. भुसा केव्हाच संपला होता. आई दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत आम्ही दोघे रिकाम्या हातांनी तो पसरत होतो.