खोटी पेशंट

"हं, सांगा, काय होतंय तुम्हाला?" धाकट्याने विचारलं खरं, पण त्याची नजर होती हातातल्या मोबाईलवर, आणि पलंगावर उशांना टेकून आडवी झालेली ताई त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत मनाशी म्हणाली, अरे, निदान खोट्या पेशंटकडे तरी मान वर करून बघ!

मागच्या खेपेला डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिकात तो यापायीच नापास झाला होता. पुस्तकातलं सगळं मुखोद्गत, पण समोर जिवंत माणूस आला की याची बोबडी वळायची. मुळातच बुजरा, आई-वडील गेले तेव्हाही ताईच्या पाठीमागे लपून रडलेला... इंटरनेटवर मात्र हाच पठ्ठ्या अनोळखी लोकांशी तासन्‌तास वाद घालायचा, त्यांना हसवायचा, आणि जेवताना ताईने काही विचारलं तर 'हूं'च्या पुढे अक्षर नाही!

उद्या पुन्हा परीक्षा होती. या वेळी गचका बसला तर कॉलेजचं दार कायमचं बंद. म्हणून रोज संध्याकाळी कपडे शिवायच्या कारखान्यातून आली की ताई चपला काढून थेट पेशंट व्हायची आणि कधी पोटदुखी, कधी कावीळ असे आजार रचून सांगायची. ज्याच्यासाठी तिने स्वतःचं शिक्षण सोडलं, चालून आलेली स्थळं परत पाठवली, त्याच्यासाठी खोटं कण्हणं काय जड होतं? जड होतं ते खरं कण्हणं लपवणं... पण ते तिने निग्रहाने दाबून ठेवलं होतं. त्याची परीक्षा होऊ दे, मग बघू!

आज मात्र तिचा जीव इतका शिणला होता, की खोटं काही सुचेचना.

"जिना चढताना धाप लागते, डॉक्टर," ती म्हणाली. "मधेच टेकावं लागतं. आडवं झालं की गुदमरायला होतं, म्हणून बसल्या बसल्याच झोपते. छातीत धडधडतं..."

"वा ताई! झकास पाठ केलंस!" अंगठ्याने पडदा सरकवत तो हसला. "अगदी खरी पेशंट वाटतेस."

ताईचं अंतःकरण पिळवटून निघालं. एवढं खरं बोलूनही...! तिने डोळे मिटून घेतले.

"डाव्या कुशीवर वळ," म्हणत त्याने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि तिच्या छातीवर टेकवला. ठोक्यांच्या मधे खर्जातली घरघर ऐकू आली. हृदयाची झडप बिघडली की येणारा हा आवाज त्याने अभ्यासासाठी मोबाईलवर कितीदा तरी ऐकला होता. तोच व्हिडिओ चालू राहिला असणार, म्हणून वैतागून त्याने मोबाईल बंद केला, पालथा ठेवला आणि पुन्हा ऐकलं.

घरघर तशीच होती.

"ताई..." त्याने स्टेथोस्कोप कानातून काढला. "मघाशी सांगितलंस ते... खरं होतं?"

ताई उठून बसली आणि पदर सावरू लागली.

"कधीपासून?"

"मागच्या परीक्षेच्या आधीपासून. अरे, एवढं काही नाही. उद्या तुझी..."

"मी रोज तुझ्यासमोर बसायचो गं!" त्याला हुंदका आवरेना. "समोर बसून मला दिसलं नाही?"

"बसायचास खरा," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि नेमकं तेच त्याला सोसवेना. ती पुढे म्हणाली, "आता डोळे पूस. उद्या परीक्षकांपुढे असा रडलास, तर पुन्हा घरी पाठवतील."

"उद्या आधी तुला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं. मग परीक्षा."

"आणि उशीर झाला तर? बाहेर काढतील तुला!"

"काढू देत!"

स्टूल ओढून तो तिच्याजवळ बसला. "आता पहिल्यापासून सांग, ताई. काय होतंय तुला?"

या वेळी तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा. काही नाही, जरा पित्त झालंय, वय झालं आता... नेहमीची उत्तरं ताईच्या ओठांवर आली, पण त्यातलं एकही तिच्याने बोलवेना. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"दमले रे, बाळा..." ती म्हणाली. "फार दमले."