हो, पण…

नितेश गेल्यावर दीड महिन्याने त्याच्या आईचा, जानकीकाकूंचा, फोन आला. त्याच्या खेळाचं सामान घेऊन जा, म्हणाल्या. रविवारी दुपारी मी कांजूरमार्गला गेले.

दर शनिवारी आम्ही चौघं त्याच्या खोलीत खेळायचो. गोष्टी रचायच्या असल्या खेळांना तीनतीनशे पानांची नियमांची पुस्तकं असतात. नितेशला ते आवडायचं नाही. त्याने स्वतःचा खेळ एका पानात बसवला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपण काय करतो ते बोलायचं आणि फासा टाकायचा. एक-दोन पडले तर नाही. पाच-सहा पडले तर हो. तीन-चार पडले तर ‘हो, पण’. त्या ‘पण’ची किंमत सांगणाऱ्याने ठरवायची, आणि एकदा उच्चारली की ती परत घेता येत नाही. बस्स, एवढंच.

खिडक्या बंद असूनही जवळच्या कचरा डंपिंगचा आंबूस वास घरात भरला होता. मी कागद गोळा करत होते, तेवढ्यात काकू समोर येऊन बसल्या.

“माका शिकव,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्सां दाराआडून नुसतो हसण्याचो आवाज ऐकलंय.”

मी शिकवलं. गोष्ट कुठून सुरू करायची, ते तुम्हीच सांगा, म्हटलं. त्यांनी फासा मुठीत घेतला.

“मी हॉस्पिटलात आसंय. हातात त्याचो धुतलेलो शर्ट आसा… मी आत जातंय.”

डेंग्यूच्या बाराव्या दिवशी पहाटे काकू शर्ट आणायला घरी आल्या होत्या आणि तो तेवढ्यात गेला होता.

काकूंनी फासा टाकला. तीन.

मला सौम्यसं काहीतरी सांगायचं होतं. उशीर होईल, पाय दुखतील, असलं काहीतरी. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “तुम्ही आत जाता… पण तो तुम्हाला ओळखत नाही.”

खोलीत एकदम गारवा आला. काकू, हे नको, दुसरं सांगते, असं मी घाईघाईने म्हटलं.

“बोललंस ना? चलात माका.” त्यांनी पुन्हा फासा उचलला. “मी त्याका घराक घेऊन जातंय.”

सहा.

त्यांनी डोळे पुसले, मला चहा दिला. इतकं हलकं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी ऑफिसात फोन आला. “रुचिरा… इलो गो तो. माका काकू म्हणता.”

संध्याकाळी पोचले तेव्हा दोन ताटं वाढलेली होती. काकू मला हाताला धरून त्याच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंग रिकामा होता, चादरीला एक सुरकुती नव्हती. मी कोण आसंय, ता तरी त्याका सांग, असं त्या पुन्हा पुन्हा विनवत होत्या.

मी त्या रिकाम्या पलंगासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “नितेश, ही तुझी आई आहे रे.”

कुणीच बोललं नाही. काकू मात्र कान देऊन ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा पडला, आणि त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आवाज न करता रडल्या. त्यांच्या भावाला कुडाळहून बोलावून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं.

निघताना लिफ्टमध्ये शेजारचे श्यामकांत भेटले. पंधरा दिवसांपूर्वीच भाड्याने राहायला आलेले, नितेशला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. जानकीबाईंकडे कोण आलंय, त्यांनी सहज विचारलं.

कुणी नाही, मी म्हटलं.

“असं कसं? सकाळी जिन्यात भेटला ना. आजारी होता का हो? मनगटाला अजून हॉस्पिटलचा पट्टा आहे.” ते जरा घुटमळले. “मला विचारत होता… या काकू एवढ्या का रडतात म्हणून.”