सभेआधीचा कागद

"गाल्का, या घरच्या बाईला सांग, माझ्या चहात साखर नको!"

मारात हे म्हणाला तेव्हा ती घरची बाई, म्हणजे त्याची सख्खी जुळी बहीण रिम्मा, साखरदाणी हातात धरून त्याच्या अगदी शेजारी उभी होती... पस्तीस वर्षांनी तो या घराचा उंबरा चढला होता, आणि तोही बहिणीसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी! सोव्हिएत काळात लहानाची मोठी झालेली साधी माणसं दाखवणारा माहितीपट करायला व्लादा नावाची तरुण मुलगी त्यांच्या किनेश्मा गावात आली होती. तिला एकाच वर्गातली तीन माणसं एका टेबलाशी हवी होती, आणि टेबल मोठं होतं ते रिम्माकडेच.

"तुझ्या जिभेला काय झालंय रे?" वर्गमैत्रीण गाल्का करवादली. "पन्नाशी उलटली, तरी मीच आपली यांची पोस्टमन!"

रिम्माने कप पुढे सरकवला. त्याच्या गळ्यावरचा शस्त्रक्रियेचा आडवा व्रण तिला आज पहिल्यांदा इतक्या जवळून दिसला.

"एप्रिल अठ्ठ्याहत्तरचं सांगा ना," व्लादा म्हणाली.

"मी सांगते!" गाल्का सरसावली. "लेनिनचा वाढदिवस. प्लास्टरच्या पुतळ्याशेजारी हा बंदुकीसारखा ताठ उभा! मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलेलं, आणि एक माशी येऊन बसली ती थेट पुतळ्याच्या नाकावर! हा फिस्सकन हसला. मग अख्खी शाळा हसली. पण पुढे उभा होता तो हाच, सापडला हाच!"

कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा हसला. मारात हसला नाही.

"आठवड्याने युवक संघटनेची सभा झाली," तो म्हणाला. "वर्गाची सचिव कोण? माझीच बहीण. जिल्ह्याहून आलेला माणूस तोंड उघडायच्या आत ही उभी राहिली! 'मारात वेतोश्किन आपल्या नावाला काळिमा आहे, त्याला सक्त ताकीद द्या आणि ती त्याच्या नोंदपत्रावर लिहा.' शब्द न् शब्द पाठ आहे मला. गुन्हा काय, तर माशी!"

रिम्माला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं... पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ दुसरंही येणार, आणि ते दुसरं मारातच्या कानावर कधीच पडू नये म्हणून तर तिने आजवर त्याचा तिरस्कार निमूट सोसला होता!

"मला दफ्तरखान्यात त्या सभेचा वृत्तांत मिळाला," व्लादाने पिवळा कागद टेबलावर ठेवला. "पण एक कळत नाही. टाइप केलंय, 'वेतोश्किन याला सर्वानुमते संघटनेतून काढण्यात आले.' मग ते खोडून शाईने लिहिलंय, 'रिम्मा वेतोश्किना यांच्या सूचनेवरून सक्त ताकीद.'"

"कॅमेरा बंद करा!" रिम्मा कागदावर झेपावली.

पण मारातने तो आधीच उचलला होता.  सभेचा वृत्तांत सभेच्या आधीच टाइप होऊन यायचा, हे त्या पिढीतल्या कुणाला का समजावून सांगावं लागतं!

"म्हणजे मला काढायचं आधीच ठरलं होतं..." तो पुटपुटला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "रिम्के, बोल!"

"आपल्या वर्गाच्या क्लारा बाईंनी त्या सकाळी सांगितलं मला," ती म्हणाली. "म्हणाल्या, एका गुन्ह्याला दोन शिक्षा नसतात. तू आधी उठ, ताकीद माग, इतकं कडक बोल की कुणाला सौम्य म्हणता येणार नाही. त्यांचं नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून वचन दिलं. आणि तुला सांगितलं असतं, तर तू तिथे हसला असतास रे!"

"बाई वारल्या त्याला सहा वर्षं झाली! मग?"

"मग काय सांगू?" रिम्माचा बांध फुटला. "काढलं असतं तर तुला कॉलेज मिळालं नसतं. इथेच गिरणीत लागला असतास, धडधाकट राहिला असतास! मी तुला वाचवलं म्हणून तू किरणं मोजणारा इंजिनियर झालास, आणि म्हणूनच तुला चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीवर पाठवलं... तुझा गळा मीच कापलाय, मारात! तू माझा राग कर, पण हे तुला कळू नये, एवढंच मागत होते मी..."

गाल्काने तोंडावर पदर धरावा तसा टेबलावरचा रुमाल धरला. 

"मला कुणी पाठवलं नव्हतं," मारात म्हणाला. "यादीत माझं नावच नव्हतं. मी अर्ज लिहून दिला. मला दाखवायचं होतं, तुला दाखवायचं होतं, की मी काळिमा नाही!"

 रिम्माला उमगलं, त्याला तिकडे नेलं ते तिच्या वाचवण्याने नव्हे, तिच्या त्या शब्दांनी! ती कोसळणार तोच त्याने तिला धरलं, आणि त्या आधार देणाऱ्या हातांत किती थोडं बळ उरलंय ते तिला जाणवलं.

"ऐक, वेडे," तो तिच्या केसांत तोंड खुपसून रडत म्हणाला. "नसलेला डाग धुवायला गेलो मी! यात तुझं काय चुकलं? विचारायला यायचं मला सुचलं नाही. एकदाही नाही!"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उन्हाळा दिसेल म्हणतात. थोडाफार."

"मग इथेच राहा."

"राहतो."

मारात राहिला. सकाळपासून दोघं बोलत बसायची. शाळा, आई, त्याची मोडलेली दोन लग्नं, तिचं न झालेलं एक... मधेच हसायची, मधेच भांडायची! शेवटी एके दुपारी शेजारच्या तमाराने भिंतीवर थाप मारली, "अहो, रेडिओ जरा हळू करा की!"

चोविसाव्या दिवशी तीच तमारा दार ढकलून आत आली आणि हलकेच म्हणाली, "रिम्मा, आज आवाज नाही गं तुमचा?"