अडतिसाव्या मैलाचा जोड

करारात सगळं वाटून दिलेलं होतं. वाट बंद पडलेल्या रेल्वेची, केबल टेलिफोन कंपनीची आणि डोकं आमच्या विद्यापीठाचं. "आणि कंबर माझी," असं रेनो म्हणायचा.

रेनो सालमेला, माझा नवरा. कंपनीत जोडकामावर होता. केसाइतक्या बारीक काचेच्या तारा टोकाला टोक लावून वितळवायच्या आणि एकजीव करायच्या, तेही भर बर्फात, व्हॅनच्या मागच्या फळीवर ओणवं होऊन. मी विद्यापीठाच्या तळघरात ऊबदार खोलीत बसून त्यानं जोडलेलं मोजायची. क्लॉड बेलांजे, कंपनीचा मुकादम, आम्हाला चिडवायचा, "तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावरच सह्या केल्या असत्या तर वकिलांचे सहा महिने वाचले असते!"

साल अठ्ठ्याण्णव, उत्तर मिशिगन. तीन विद्यापीठं एका जाळ्यात जोडायची होती, फक्त संशोधनासाठी. साध्या इंटरनेटला दिवस लागला असता ते या जाळ्यातून काही मिनिटांत जाणार होतं. आमच्या वाट्याला आलेला तुकडा एकसष्ट मैलांचा. एक फेब्रुवारीला तो सुरू झाला नाही, तर कंपनी तारा दुसऱ्या कुणाला तरी देणार होती.

माझं काम सोपं होतं. यंत्र तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडतं. वाटेतून जो मंद उजेड परत येतो त्यावरून ते पडद्यावर एक उतरती रेघ काढतं. जिथं जोड असतो तिथं रेघ किंचित खाली बसते, कारण तिथं थोडा प्रकाश गळतो. जिथं तार तडकलेली असते तिथं सुळका उभा राहतो. किती मैलांवर, तेही यंत्र सांगतं. इतरांचे जोड डेसिबलचे पाच शतांश गळायचे, कधी आठ, कधी दहा. रेनोचे दोन. कडाक्याची थंडी असो, तो चिडलेला असो, दोनच. वहीत नाव नसलं तरी रेघेवरून मी सांगायची, हा जोड आमच्या घरातला आहे.

त्याचा एक हट्ट होता. तारेचं टोक यंत्रात घालण्याआधी पुसायचं. कागदाची चौपदरी घडी, स्पिरिटचा एक थेंब, एकदाच सरळ पुसायचं आणि मग त्या कागदाचा कोपरा फाडून ठेवायचा, म्हणजे तोच कागद चुकून परत कुणी वापरणार नाही. पुसायचे सगळेच. कोपरा फाडणारा माणूस मी एकच पाहिला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "डोरी, पुसलंस का?"

"आधी बायकोला हॅलो म्हणायची पद्धत आहे."

"हॅलो. पुसलंस का?"

वीस जानेवारीला दुपारी क्लॉडचे तासात चार फोन आले. त्याच्या डोक्यावर साहेब बसले होते आणि माझ्या डोक्यावर तो. मी टोक तसंच यंत्रात खुपसलं. रेघेत अडतिसाव्या मैलावर सुळका दिसला. तिथं आमचा एकही जोड नव्हता. तिथं टॅमरॅक नदीवरचा जुना लोखंडी पूल होता आणि केबल पुलाला बांधलेल्या नळीतून जात होती. म्हणजे नळीत पाणी गोठलं असणार आणि तार तडकली असणार. मी क्लॉडला सांगितलं, क्लॉडनं रेनोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाकडे निघण्याआधी कंपनीतून रेनोचा फोन आला.

"पुसलंस का?"

"हो रे बाबा," मी म्हटलं.

साडेअकराला मी डबा उघडला. समोर वही होती. एकोणिसाव्या मैलावर आमची एक चौकी आहे, तिथं दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात. त्या आकड्याकडे बघताना माझा घास तोंडातच राहिला. एकोणीस दुणे अडतीस. इकडचं टोक मळलेलं असलं की प्रकाश त्या दोन जागांमध्ये एक फेरी जास्त मारतो आणि दुप्पट अंतरावर खोटा सुळका उमटतो. डोंगरात हाक दोनदा ऐकू यावी तसं. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ माणसालाही हे शिकवतात. मी कागद घेतला, टोक पुसलं, परत लावलं. सुळका गेला.

मी क्लॉडला फोन केला. तो म्हणाला, "अगं, रेनो रेडिओवर उत्तर देत नाहीये."

पुलाच्या अलीकडे त्याची बर्फावरची गाडी उभी होती, हत्यारांची पेटी पुलाच्या मधोमध. खाली बर्फाला भोक होतं. नदीनं त्याला एप्रिलमध्ये परत दिलं. त्या नदीचं पाणी दलदलीतून आणि झाडांच्या सालींतून येतं, उन्हाळ्यातसुद्धा चहासारखं तांबूस असतं. त्याच्या पांढऱ्या गंजीचा तो रंग मी तीनदा धुऊनही गेला नाही.

वहीत मी लिहिलं, "फेरमोजणीत खूण आढळली नाही." शब्दन् शब्द खरा होता. एवढं खोटं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही. कुणी काही विचारलं नाही. क्लॉड स्वतःलाच दोष देत राहिला, बर्फात त्याला मीच पाठवलं म्हणून, आणि मी त्याला ते ओझं वाहू दिलं. कंपनीनं दोन दिवसांची सूट दिली आणि तार तीन फेब्रुवारीला समारंभाशिवाय सुरू झाली.

विचारलं ते एकटीनं. हेल्मी, रेनोची आई, ऐंशी वर्षांची. दर शनिवारी तिच्याकडे सौना तापायचा. तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, घाम गाळायचा आणि मग बाहेरच्या खोलीत कॉफी आणि निसू, तिनं स्वतः भाजलेला वेलदोड्याचा पाव. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी तिनं कप खाली ठेवला.

"तिथं नक्की काय बिघडलं होतं गं पोरी?"

"तार तडकली होती, आइती," मी म्हटलं. फिनिश भाषेत आइती म्हणजे आई; तोही तिला तेच म्हणायचा. "त्यानं जोड पूर्ण केला. मग परतताना पाय घसरला."

ती बराच वेळ मान हलवत राहिली. "म्हणजे काम अर्धं टाकून नाही गेला."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. अडतिसाव्या मैलाचा जोड. बायका माझा हात हातात घेऊन तेच बोलायच्या.

मार्चमध्ये मी महिन्याची मोजणी केली. टोक आधी पुसलं; आता मी दोनदा पुसायची. अडतिसाव्या मैलावर सुळका नव्हता. रेघ किंचित खाली बसली होती.

तिथं जोड होता. दोन शतांश.

मी तिसऱ्यांदा पुसलं. दोनच. क्लॉडला फोन लावला.

"तुमच्या माणसांनी पुलावर काही केलं का?"

"त्या पुलावर माझा एक माणूस पाय ठेवायला तयार नाही, डोरीन."

बर्फ वितळल्यावर तो स्वतः गेला. परत आला तेव्हा खुर्चीत न बसता दारातच उभा राहिला. "नळीचं सील जुनंच आहे. केबल अखंड आहे. तिथं जोड नाही."

"रेघेत आहे."

"किती?"

"दोन."

त्यानं टोपी काढली, परत घातली. "यंत्र तपासायला पाठव," म्हणाला. मी पाठवलं. निर्दोष म्हणून परत आलं. पलीकडच्या विद्यापीठाचं यंत्र मागवलं. त्यावरही तेच. तारेवरून इकडची माहिती तिकडे विनाखंड वाहत होती. प्राध्यापक मंडळी खूश होती. हे दिसत होतं फक्त मोजणाऱ्याला, आणि मोजणारी मी एकटी.

एप्रिलमध्ये रेनोला पुरलं. मला वाटलं, आता हे थांबेल.

मे महिन्यात एकतिसाव्या मैलावर आणखी एक जोड आला. मग चोविसाव्या. जूनमध्ये चौकीच्या अलीकडे, चौदाव्या. प्रत्येक जागी मी दिवसाढवळ्या गाडी घेऊन गेले. नुसतं गवत, लहान फुलं, न उकरलेली माती. मी ओलावा धरून पाहिला, उष्णता धरून पाहिली, यंत्रातल्या प्रोग्रॅमला दोष देऊन पाहिला. पण ओलाव्याला हस्ताक्षर नसतं. मी भूतखेत मानणाऱ्यांतली नाही. माझा रेघेवर विश्वास आहे, आणि रेघ सांगत होती की माझा नवरा पुलापासून घराकडे चालत येतोय, न तुटलेली तार जोडत जोडत.

मला भीती वाटली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं ठरेल. रोज सकाळी मी जिना पळत उतरायची. तो किती जवळ आला ते बघायला. मला त्याची फार आठवण येत होती.

जुलैत तो सहाव्या मैलावर होता, मग दुसऱ्या. एका शुक्रवारी चारशे फुटांवर आला, विद्यापीठाच्या हिरवळीखाली. त्या शनिवारी मी हेल्मीकडे गेले आणि सौनात न शिरता बाहेरच्या खोलीतच बसले. ऊन होतं. टेबलावर निसू कापून ठेवलेला होता.

"आइती, तिथं काही बिघडलंच नव्हतं."

तिनं सुरी खाली ठेवली. "मग तो कशाला गेला?"

"मी टोक पुसलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"आणि तो जोड?"

"नव्हता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी..."

"मला नाही," ती म्हणाली. "तुला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं निसूचे कापलेले तुकडे एकावर एक रचून ठेवले. मग म्हणाली, "विचारलं त्यानं होतं. उत्तर मला कशाला देतेस?"

दर शनिवारी ती मला अर्धा पाव बांधून द्यायची. त्या दिवशी तिनं तो डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी नऊला मी तळघराचं कुलूप उघडलं. वरच्या झरोक्यातून ऊन आत पडलं होतं. यंत्र शुक्रवारी ठेवलं होतं तसंच, टोक लावलेलं. मी कशालाही हात न लावता बटण दाबलं.

मार्चपासून आलेले ते सगळे जोड गेले होते. अडतीस, एकतीस, चोवीस, चौदा. एकही नव्हता.

एकच राहिला होता. नऊ फुटांवर.

इतक्या जवळचं आमच्या यंत्राला दिसत नाही. पहिले शंभर-दोनशे फूट ते आंधळंच असतं. तरी रेघ नऊ फुटांवर खाली बसली होती. दोन शतांश.

यंत्रापासून भिंतीपर्यंतची माझी तार नऊ फुटांची आहे.

मी भिंतीकडे पाहिलं नाही.

"रेनो," मी म्हटलं, "मी पुसलं नव्हतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले."

पंख्यांची घरघर चालू होती.

थोड्या वेळानं मी उठले. टोक काढलं आणि सवयीनं भिंगाखाली धरलं. काचेवर धुळीचा कणही नव्हता. इतकं स्वच्छ टोक मला आजवर कधी जमलेलं नाही.

कागदांचं जुनं पाकीट शुक्रवारीच संपलं होतं; नवं खणात होतं, न फोडलेलं. यंत्राच्या शेजारी मात्र एक कागद होता. चौपदरी घडी, एक कोपरा फाडलेला.

मी तो उचलला. ओला होता. स्पिरिट लगेच उडून जातं, डाग ठेवत नाही. या कागदाच्या मधोमध चहासारखा तांबूस डाग होता आणि तो अजून पसरत होता.