अरुंधती दिसली का?

आजवर मी शंभरेक लग्नं जेवले असेन, पण अरुंधती खरोखर पाहिलेला नवरा मला एकही भेटला नाही. मुहूर्त दुपारचा, हॉल एसी. सप्तपदी झाली की भटजी छताकडे हात करून विचारतात, "ती बघा अरुंधती. दिसली का?" आणि फॉल्स सीलिंगवरच्या झुंबराकडे बघत नवरा-नवरी बिनदिक्कत म्हणतात, "दिसली." अशा वेळी माझं डोकं सटकतं. मी मुलुंडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि कॉलेजात शिकत होते तेव्हापासून आकाश बघते. एप्रिल-मे महिन्यात दिवेलागणीनंतर तासाभराने उत्तरेला तोंड करून उभं राहावं आणि मान वर करावी. शेपटीवाला पतंग दिसतो ते सप्तर्षी. शेपटीत तीन तारे, त्यातला मधला वसिष्ठ, आणि त्याला बिलगून बारीकशी अरुंधती. एवढं सोपं आहे. त्यात खोटं काय बोलायचं?

म्हणून माझ्या भाचीचं, दिशाचं लग्न ठरलं तेव्हा मी आधीच जाहीर करून टाकलं की ह्या लग्नात अरुंधती मी दाखवणार, खरीखुरी. मला मूलबाळ नाही. दिशा माझ्याच घरी खेळून मोठी झाली. तिच्यासाठी एवढा हट्ट मी केलाच असता.

एप्रिलचा मध्य होता, मुहूर्त गोरज, मुलुंड पूर्वेचा हॉल, वर गच्ची. लग्न लागलं, विधी झाले, आणि मी दुर्बीण गळ्यात अडकवून दोघांना जिन्याकडे हाकललं. माझी मोठी बहीण वनमाला, म्हणजे नवरीची आई, मागून ओरडली, "सुलू, खंय घेऊन चल्लंस गो त्येंका? पंगत खोळंबली हा!" एरवी ती चांगली शहरी बोलते. तापली की थेट मालवण गाठते.

दिशाने शालूचा पदर खोचून दुर्बीण डोळ्यांना लावली. "अय्या, मावशी! खरंच दोन आहेत!" मग नितेशची पाळी. नितेश आमचा जावई, ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्सला, हसरा, जरा हडकुळा. त्याने बराच वेळ बघितलं. दुर्बीण खाली केली, नुसत्या डोळ्यांनी बघितलं, पुन्हा वर केली.

"दिसली का?" मी विचारलं.

"दिसली, मावशी," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही जेवायला खाली आलो.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी नितेश एकटाच माझ्या घरी आला. चहा घेतला, बिस्किट हातातच धरून बसला.

"मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला अरुंधती दिसलीच नाही."

मी हसले. "अरे, मुंबईत नुसत्या डोळ्यांनी कुणालाच नाही दिसत. दुर्बीण हलली असेल तुझी."

"वसिष्ठही नाही दिसला. सहाच तारे दिसले. त्यानंतर रोज बघतोय, तिथे काहीच नाही." तो बिस्किटाकडे बघत म्हणाला, "मोबाइलवर वाचलं मी. अरुंधती ज्याला दिसत नाही तो सहा महिन्यांत…"

"गप रे! मोबाइलवर काय, काहीही येतं. जुन्या काळची डोळे तपासायची युक्ती आहे ती. ज्याची नजर गेली तो म्हातारा, आणि म्हातारी माणसं मरतात. झालं तुझं शास्त्र."

"दिशाला सांगू नका. आईंना तर मुळीच नको."

वनमालाला सांगायला मला काय वेड लागलं होतं? तिने त्याच रात्री त्याच्यावरून कोंबडा उतरवून टाकला असता. मी नितेशला आमच्या गच्चीवर नेलं. आमची सोसायटी सात मजली. पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर, उत्तरेला ठाण्याच्या दिव्यांचा पिवळट धुरकट उजेड. त्यातूनही सप्तर्षी स्वच्छ दिसत होते. मला सात, त्याला सहा.

मी त्याला आधी डावा डोळा झाकायला लावला, मग उजवा. मान तिरकी कर, खाली बस, त्या कोपऱ्यात जा. तो सगळं गुमान करत होता. प्रत्येक वेळी वसिष्ठ नाहीच.

"धूसर दिसतंय का तिथे?"

"नाही. काळं आहे. बाकीचं आकाश कसं भुरकट आहे, तसं नाही. मधे काहीतरी आल्यासारखं."

तेवढ्यात भांडुपच्या बाजूने एक विमान आलं आणि नेमकं पतंगाच्या शेपटीवरून गेलं. मी त्याला विचारत राहिले, दिसतंय? दिसतंय? तो म्हणाला, पूर्ण दिसलं, त्या काळ्याच्या पुढून गेलं. दोष डोळ्यात असता, तर त्या जागी विमानही दिसेनासं झालं असतं. विमान दिसलं, म्हणजे जे काही होतं ते विमानाच्या पलीकडे होतं. मी त्याला हे बोलले नाही. डॉक्टरकडे जाऊ म्हणाले.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी थेंब घालून, मशीनला हनुवटी टेकवून सगळं तपासलं. डोळे ठणठणीत निघाले, साधा चष्म्याचा नंबरसुद्धा नाही. बाहेर पडल्यावर नितेशने मला उसाचा रस पाजला आणि खूप बडबडला. पोरगा सुटल्यासारखा वाटत होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"मावशी, शेपटीचं टोकही गेलं. मरीची. मोठं होतंय ते."

पुढच्या आठवड्यात अंगिरसही गेला. आता शेपटीच नव्हती, चौकोन तेवढा उरला होता. मी रोज रात्री गच्चीवर जाऊन सात तारे मोजत होते आणि मला रोज सात दिसत होते. खरं सांगते, मला नितेशची भीती वाटायला लागली होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

मनोरीला जायची कल्पना माझी. मुंबईच्या आकाशात बोटावर मोजण्याइतके तारे, त्यात काय कळणार? मनोरीला समुद्राकडे काळोख असतो. तिथे भरपूर तारे दिसतील, मग त्या काळ्या जागेला कड आहे की नाही, ती हलते की नाही, सगळं नीट तपासता येईल असं मला वाटलं. दिशाला सांगितलं पिकनिक. ती फेरीबोटीत खिदळत होती, "यार, कोण मावशीला घेऊन हनिमूनला जातं?" नितेशही हसला. मार्वे जेट्टी मागे पडली तरी त्याची नजर पाण्यावरून हटली नाही. वर तो बघतच नव्हता.

कॉटेजच्या मागे वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, पुढे वाळू. जेवायच्या आधीच आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. अमावास्या जवळ होती. एवढे तारे बघून दिशा "झकास!" म्हणून ओरडली आणि वाळूत आडवी झाली. नितेशने मान वर केली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते ताणलं गेलं.

"काय आहे?" मी हळूच विचारलं.

"इथे कळतंय. भोवती तारे आहेत ना, म्हणून." त्याने हात वर करून हवेत रेघ ओढली. एक गोल. गोलाखाली दोन्हीकडे उतार. "डोकं. आणि हे खांदे."

दिशा उठून बसली. "कुणाचे खांदे?"

त्याने तिला सगळं सांगितलं, लग्नाच्या दिवसापासूनचं. तिने त्याचा शर्ट मागून मुठीत धरला होता, लहानपणी गर्दीत माझा धरायची तसा.

विमान आलं तेव्हा मला ते नको होतं. समुद्रावरून आलं, लाल-पांढरे दिवे लुकलुकत. मी ते सबंध पाहिलं, कुठेही न तुटता, उत्तरेकडून सरळ सप्तर्षींच्या खालून.

"गेलं आत," नितेश म्हणाला. "अजून आतच आहे… अजून… हां. आलं बाहेर."

मी जेवायला चला म्हणाले. पण तो काय मूर्ख आहे?

"म्हणजे तो आता विमानाच्या अलीकडे आलाय ना, मावशी?"

आतापर्यंत तो 'ते' म्हणत होता.

"त्याचं तोंड कुठे आहे?" दिशाने विचारलं. तिला हे का विचारावंसं वाटलं, देव जाणे.

"काळोखाला कसलं तोंड?" मी खेकसले, आणि दोघांना हाताला धरून कॉटेजमध्ये आणलं. रात्रभर दिवा चालू ठेवला. मी फिजिक्स शिकवणारी बाई, रामरक्षा म्हणत बसले होते.

सकाळी दिशाने निकाल दिला. "बस्स. आजपासून वर बघायचंच नाही. जे बघितलंच नाही ते येणार कसं?" तिचं म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं, पण मी लगेच हो म्हणाले. नितेश ऑफिसातून खाली मान घालून घरी यायला लागला. दिशाने बेडरूमच्या खिडकीला जाड पडदा लावला. माझी दुर्बीण मी कपाटात टाकली, आणि संध्याकाळी गच्चीवर जायचं बंद केलं. वनमाला एकदा म्हणाली, जावयाची मान धरलीय का गं? मी म्हटलं, हो, कॉम्प्युटरमुळे. एवढ्याने हा पोरगा आपल्याला राहणार असेल, तर मी जन्मभर आकाश बघितलं नसतं.

असे बरेच दिवस गेले. जूनचा पहिला आठवडा असेल. मी भाजी चिरत होते आणि दिशाचा फोन आला, ती रडत होती की हसत होती तेच कळेना. "मावशी, ये ना लगेच! आमच्या गच्चीवर ये! त्याने वर बघितलं. सगळे आहेत. सातही!"

रिक्षा करून मी मुलुंड पश्चिमेला त्यांच्या बिल्डिंगवर पोचले. दुर्बीण घ्यायला विसरले नव्हते. नितेशने ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. "अंगिरस, वसिष्ठ, मरीची… आणि ही काय, बारकी! वसिष्ठाला चिकटून! हीच ना, मावशी? हीच ना?"

"हीच रे बाबा, हीच," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. दिशाने आंबे कापून आणले होते, ताट दोन्ही हातांत धरून ती आम्हाला भरवायला निघाली होती. आईला सगळं सांगूया आता, असं म्हणत होती. मी जिन्याच्या दारापाशी, बल्बच्या खाली टेकले आणि डोळे पुसले.

मग माझ्या मनात आलं की आकाशातून गेलं ते ठीक. पण गेलं कुठे?

ते मनातून काढायला मी आंब्याची फोड तोंडात टाकली.

"समोरच्या बिल्डिंगचे लाईट गेलेत का?" नितेशने विचारलं.

मी पाहिलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी दिवे होते. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं.

"कुठली रे?"

"ही काय. समोरची."

दिशा माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, नाही, गेलेले नाहीत.

"आणि इथली टाकी?" तो म्हणाला. पाण्याची टाकी गच्चीच्या त्या टोकाला होती, पांढरी, मोठी. ती जागची हलली नव्हती.

"नितेश," दिशा ताट घेऊन त्याच्याजवळ गेली. "माझ्याकडे बघ. माझ्याकडे."

"कुठे आहेस तू?"

ती त्याच्या समोर उभी होती. त्याने हात लांब केला असता तर तिला लागला असता.

नितेशने मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडचं बघायला आपण टाचा उचलतो, तशा त्याने टाचा उचलल्या.

"जरा बाजूला होता का?" तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. अनोळखी माणसाशी बोलावं तसं; आमच्या दोघींशी तो असं बोलत नाही.

दिशाच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड होता. सावली सरकत यावी तसा तो आधी तिच्या कानावरून नाहीसा झाला, मग गालावरून, मग कपाळावरून.

मी मान वर करून पाहिलं. माझ्या डोक्यावर बल्ब तसाच जळत होता.